साडेआठ मिलिमीटर

जुन्या गाडीचं इंजिन खोलून ठेवलं की मुंबईत सल्ल्यांना तोटा नसतो. पार्ल्याला आमच्या सोसायटीत, स्टिल्टखाली, फोक्सवॅगन बीटलचं इंजिन लाकडी चौकटीवर चढवून ठेवलं होतं. येणारा-जाणारा थांबायचा, ब्लॉक-पिस्टनचा पसारा निरखायचा आणि जाताना एकच वाक्य टाकायचा, "खोललंच आहे तर बोअर वाढवून घ्या की." दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मरीन इंजिनिअर म्हणाले, लिफ्टच्या मेंटेनन्सला येणारा मुलगा म्हणाला, आणि ज्याच्या नावावर अजून साधी सायकल नाही तो माझा भाचा तर १७७६ सीसीच्या इंजिनांचे व्हिडिओच घेऊन आला.

बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. सल्ला वेडगळ नव्हता. खुद्द कंपनीने वर्षानुवर्षं तेच केलं. फ्रान्झ राइमश्पीसने आखलेलं हे आडवं, चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन युद्धाआधी ९८५ सीसीचं होतं. मग ते ११३१ झालं, १९५४ साली ११९२, १९६५ च्या उत्तरार्धात १२८५, त्यानंतर १४९३ आणि शेवटी १५८४. १२८५ च्या वेळी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा, बदलला आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६४ वरून ६९ मिलिमीटरवर गेला. पुढे मात्र स्ट्रोकला कोणी हात लावला नाही. ७७ चा बोअर ८३ झाला, ८३ चा साडेपंच्याऐंशी. ७७ ते ८५.५ म्हणजे साडेआठ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सव्वाचार-सव्वाचार. व्यासात अकरा टक्क्यांची वाढ. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून सीसी तेवीस टक्क्यांनी वाढतात. बोअर वाढवण्याचा मोह होतो तो या वर्गामुळेच. थोडं कोरायचं आणि भरपूर मिळवायचं.

आमची गाडी १९६६ ची, १३०० मॉडेल, सहा व्होल्टची. आमची म्हणजे आत्याची. आत्या डॉक्टर. गिरगावात तिचा दवाखाना होता, आणि एका परदेशी वकिलातीतला अधिकारी मायदेशी परत जाताना त्याची गाडी तिने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. त्या वेळी रस्त्यावर अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड, तिन्ही रेडिएटरवाल्या. आत्याने ही निवडली, कारण हिच्यात पाणी घालावं लागत नाही. गिरगावात तेव्हा नळाला पाणी पहाटे यायचं आणि ते हंडे-कळश्या भरण्यातच संपायचं, त्यातलं गाडीला कोण देणार? "खंडाळ्याच्या घाटात सगळे बोनेट उघडून, कॅन घेऊन उभे असायचे, आणि मी हात दाखवून पुढे," हे ती अजूनही सांगते. चाळीचं रिडेव्हलपमेंट ठरलं तेव्हा घरातल्या कपाटांची वाटणी झाली आणि गाडी माझ्या वाट्याला आली. म्हणजे आत्यानेच दिली. "चालवणार असशील तर ने, धूळ पुसत बसायची असेल तर नको," एवढीच अट.

ही अट वाटते तेवढी साधी नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, नूतनीकरणाला पाच हजार. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे व्हीए नंबर घेतला तर आत्याची अट मोडते आणि बोअर वाढवला तर व्हीए नंबर हुकतो. दुसरी वाट म्हणजे साधी नोंदणी चालू ठेवायची, दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं आणि पर्यावरण कर भरायचा. मी ती धरली. व्हीए नंबर दिसायला रुबाबदार आहे हे कबूल, पण गाडी वर्षातून एकदा रॅलीपुरती बाहेर काढायची आणि एरवी आच्छादन घालून ठेवायची, हे मला जमणारं नव्हतं.

मूळ इंजिनाला हात लावायचा नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. १३०० च्या केसमध्ये, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या मधल्या सांगाड्यात, ७७ चे सिलिंडर बसतात. त्यात साडेपंच्याऐंशीचे बसवायचे तर केसची चारही भोकं ९० मिलिमीटरपर्यंत मोठी करावी लागतात, आणि एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही. ज्या केसवर गाडीचा मूळ इंजिन नंबर आहे तिच्यावर हे करायला माझं मन धजेना. पुण्याला एका गृहस्थांकडे फोक्सवॅगनच्याच कोंबी व्हॅनचं १६०० चं, म्हणजे १५८४ सीसीचं, इंजिन पडून होतं, सिंगल पोर्ट हेडचं, जाम झालेलं, पण कागदपत्रांसह. ते आणलं. मूळ इंजिन तेल भरून, भोकांना बुचं मारून पेटीत ठेवलं. दुसरं इंजिन त्याच कंपनीचं असलं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागतेच. तो अर्ज इंजिन जुळण्याच्या आधीच केला आणि पुढचं सगळं कोंबीच्या केसवर.

कोंबीची केस आली तशी मोहाची पुढची पायरीही आली. तिच्यात ९० ची भोकं तयारच असतात, त्यामुळे ८५.५ नुसते सरकवले की झालं. पण बाजारात ८७ आणि ८८ चेही सेट मिळतात, त्याच भोकात बसणारे, काहीही न कोरता. ८८ म्हणजे १६७९ सीसी. भाच्याचा जीव त्यात अडकला. मी त्याला वहीत आकडे मांडून दाखवले. भोक ९० चं. त्यात बसणाऱ्या सिलिंडरच्या गळ्याचा बाहेरचा व्यास तेवढाच. आतून ८५.५ कोरलं तर भिंत सव्वादोन मिलिमीटरची राहते, ८७ ला दीड आणि ८८ ला फक्त एक. एक मिलिमीटर जाडीचा बिडाचा कडा तापला की गोल राहत नाही, लंबगोल होतो. पिस्टनवरच्या रिंगा गोलच राहतात. मग कॉम्प्रेशन रिंगेच्या बाजूने निसटतं, तेल वर चढतं, धूर सुरू होतो, आणि जो माणूस "अजून शंभर सीसी" म्हणून हसत होता तो वर्षाच्या आत परत पिस्टन-ब्लॉक शोधायला लागतो. जाड भिंतीचे साडेनव्वदचेही येतात, त्यातून १७७६ होतात. त्यासाठी केस आणि हेड दोन्ही कोरून घ्यावी लागतात. ते इंजिन टिकाऊ असतं, हे निर्विवाद. कागदावर १७७६ ला नाव ठेवायला जागा नाही.

ते नको म्हणण्याचं कारण आमच्याकडे दुसरंच होतं, आणि ते समजायला हे इंजिन थंड कसं होतं ते बघावं लागेल. मागच्या झाकणाखाली डायनामो असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा. क्रँकच्या पुलीवरून पट्टा येतो आणि पंखा क्रँकच्या दुपटीच्या जवळपास वेगाने फिरतो. तो हवा ओढतो, पत्र्याच्या मोठ्या कवचातून दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर ढकलतो, ती सिलिंडरभोवतीच्या पातळ चकत्यांमधून, म्हणजे कल्ल्यांमधून, खाली उतरते आणि गाडीखाली निघून जाते. पाणी नाही, पंप नाही, होज पाइप नाहीत. पण पंखा इंजिनाच्या वेगाला बांधलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन ढिम्म तर पंखाही ढिम्म. जर्मन महामार्गावर एका लयीत तासन्तास पळणाऱ्या गाडीसाठी ही व्यवस्था अव्वल. सायन सर्कलला मे महिन्यात दुपारी दोन वाजता पहिल्या गिअरमध्ये हात-हातभर सरकणाऱ्या गाडीसाठी तितकीशी नाही.

त्यात पेट्रोलमधली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा कामाला येते, बाकीची उष्णता म्हणून बाहेर टाकावी लागते. सीसी वाढवले की दर फेऱ्याला जास्त पेट्रोल जळतं, जास्त उष्णता तयार होते, पण पंखा तोच, कवच तेच, कल्ले जवळपास तेवढेच. म्हणून हवेवरच्या इंजिनात सीसीची खरी मर्यादा सिलिंडरच्या मापात नसते, उष्णता टाकण्याच्या ऐपतीत असते. १७७६ ला पूर्ण ओढू द्यायचं तर वेगळा ऑइल कूलर, मोठा कार्ब्युरेटर, बदललेला सायलेन्सर हे मागोमाग येतं. पुणे किंवा कोल्हापूरकडे मोकळ्या रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाने खुशाल करावं. मुंबईत १६०० चे सत्तेचाळीस घोडे (हॉर्सपॉवर) आणि १७७६ चे साठ घोडे यांच्यात सिग्नलला फरक एवढाच, की साठवाले जास्त तापतात. कंपनी स्वतः जिथे थांबली त्या ८५.५ वर थांबायचं मी ठरवलं. मरीन इंजिनिअर काकांना पटलं. भाच्याला अजून पटलेलं नाही.

कवचाबद्दल आणखी थोडं, कारण मला यावर राग आहे. पंख्याच्या कवचाखाली, सिलिंडरांच्या मधोमध आणि खालच्या अंगाला लहान लहान पत्रे असतात. ते नसले की हवा सर्वांत सोप्या वाटेने निसटते आणि सिलिंडरची खालची बाजू कोरडी राहते. इंजिनाच्या खणाभोवती रबराची पट्टीही असते, सायलेन्सरची गरम हवा पुन्हा पंख्यात शिरू नये म्हणून. आत्याच्या गाडीतले बहुतेक खालचे पत्रे आणि ही पट्टी मधल्या काळात कुठल्याशा गॅरेजने काढून टाकली होती. "आपल्याकडे गरमी आहे, मोकळं बरं," या समजुतीने. रेडिएटरवाल्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे पत्रा म्हणजे झाकण नव्हे, पत्रा म्हणजेच कूलिंग सिस्टीम. आठशे रुपयांच्या पत्र्यापायी आठ-दहा वर्षं ते इंजिन भाजत राहिलं. तीन नंबरच्या सिलिंडरची हालत सर्वांत वाईट होती, कारण या जुन्या रचनेत ऑइल कूलर कवचाच्या आतच, तीन नंबरच्या वाटेत उभा असतो आणि त्या बाजूला जाणारी हवा कूलरमधून आधीच तापून येते. कंपनीलाही हे ठाऊक होतं. १९७१ च्या मॉडेलपासून त्यांनी कूलर कवचाबाहेर वेगळ्या घुमटीत नेला. आमच्या नव्या बांधणीत ते घुमटीवालं कवच घातलं. जुन्या गाडीच्या शुद्धतेचे पुजारी नाक मुरडतील, मुरडोत.

केसच्या मशीनिंगसाठी वसईला जावं लागलं. ज्यांच्याकडे गेले ते टर्नरकाका मूळचे लोअर परळचे. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा विशीतले होते. नंतर लालबागला लेथ टाकली. फियाट टॅक्सीचे ब्लॉक आणि हेड यांवर त्या लेथने संसार उभा केला. मग लालबागचा गाळा टॉवरखाली गेला आणि लेथ वसईला आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्याच्या आधीच त्यांच्याकडे फियाटचा ब्लॉक येणं थांबलं होतं. आता सीएनसीवाल्यांना नको असलेली एक-दोन नगांची कामं करतात. आमचं सामान टेबलावर मांडलं तेव्हा त्यांनी एक सिलिंडर उचलला, कल्ल्यांवर नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ही कसली मोटार? ही तर चार स्कूटरी पाठीला पाठ लावून बांधल्यात." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही.

केस हातात घेताच मात्र ते थबकले. "ॲल्युमिनियम नाही हे. हलकं लागतंय." मी मॅग्नेशियमचं मिश्रण आहे म्हणून सांगितलं. सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा हा त्यांच्या धंद्याचा रिवाज नव्हे. कानशीने कडेचा थोडा कीस काढला, सोड्याच्या बाटलीच्या बुचात टाकला आणि पोऱ्याला कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर पिटाळलं. तो कागदी कपात व्हिनेगर घेऊन आला. दोन थेंब पडले आणि बुचातून पांढरा फेस उतू आला. शेजारी ॲल्युमिनियमचा कीस ठेवून त्यावरही थेंब टाकले, तो ढिम्म. काका मान हलवून उठले, लेथखालचा सगळा जुना चुरा झाडून काढला, दारातली पाण्याची बादली बाहेर नेऊन ठेवली आणि पोऱ्याला कोरडी वाळू भरून आणायला सांगितली. मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर त्यातून हायड्रोजन सुटून आग भडकते. हे सगळं त्यांना शिकवायला कोणी गेलेलं नव्हतं. गिरणीच्या वर्कशॉपात कुणीतरी एकदा सांगितलं होतं, ते चाळीस वर्षं लक्षात होतं.

काम होतं मेन बेअरिंगच्या बैठका एका रेषेत आणायचं. या केसचे दोन अर्धे उभे जोडलेले असतात आणि त्यांच्या मधोमध क्रँक फिरतो. धातू मऊ, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी मधली बैठक लंबगोल होते. बोअर गेज आत सरकवून काकांनी आधी उभं माप घेतलं, मग आडवं, मग पुन्हा उभं. काटा दोन जागी वेगळं बोलत होता. "मधलं घर खाल्लंय," ते म्हणाले. अर्धा मिलिमीटर मोठं करून, बाहेरून ओव्हरसाइज बेअरिंग घालायचं ठरलं. बार हळूहळू आत जाताना निघणारी बारीक, चकचकीत कुरळी तार ते दर थोड्या वेळाने ब्रशने ओढून वेगळ्या डब्यात टाकत होते, साचू देत नव्हते. हेडच्या स्टडचे आटे बऱ्याच ठिकाणी गेले होते, तिथे पोलादी बुशिंग आटे पाडून बसवली. हाही मॅग्नेशियमचा जुना आजार. इंजिन तापतं, सिलिंडर आणि हेड फुगतात, स्टड ओढले जातात आणि मऊ केसमधले आटे सोबत घेऊन वर येतात. मग लोक नट पुन्हा पुन्हा आवळत राहतात आणि तो घट्ट होतच नाही.

घरी आल्यावरचं सर्वांत आवडतं काम होतं हेडमधल्या रकान्याचं, म्हणजे पेट्रोल जळतं त्या पोकळीचं, माप. बोअर वाढवला आणि बाकीकडे बघितलंच नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, कुठे जाऊन पोचतं ते कळत नाही, आणि कॉम्प्रेशन वाढणं म्हणजे परत उष्णता. ॲक्रिलिकच्या चकतीला भोक पाडलं, हेडच्या तोंडावर ग्रीस लावून ती चिकटवली आणि आत्याच्या दवाखान्यातल्या सिरिंजने त्यात रंगवलेलं रॉकेल सोडायचं. आत्याने ते काम माझ्याकडून काढून घेतलं. पंच्याऐंशी पार केलेली बाई, चष्मा कपाळावर ढकलून, स्टुलावर बसली आणि थेंब थेंब सोडत गेली. बुडबुडा राहिला की हेड किंचित कलतं करायची, सिरिंजच्या दांड्यावर बोट स्थिर ठेवायची. "पन्नास पूर्णांक पाच. लिही." पुढचं पन्नास. त्यापुढचं एकावन्न. चारही रकाने सारखे हवेत म्हणून कमी भरलेले घासून सगळे एकावन्नला आणले. दर वेळी तिने पुन्हा मोजलं आणि माझ्या घासण्यावर शेरे मारले.

मग हिशेब. एका सिलिंडरचे ३९६ सीसी. पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या माथ्यापासून सिलिंडरच्या कडेपर्यंत उरते ती जागा म्हणजे डेक. साडेपंच्याऐंशीच्या बोअरमध्ये एक मिलिमीटर डेक म्हणजे ५.७४ सीसी. डायल गेजने मोजलं तर नेमका मिलिमीटर निघाला. म्हणजे वर उरणारी जागा ५६.७, आणि कॉम्प्रेशन आठाच्या आसपास. सिलिंडरखाली अर्ध्या मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ कडी, घातली की डेक दीड होतो, जागा ५९.६, आणि कॉम्प्रेशन ७.६५. कंपनीचा या इंजिनासाठीचा आकडा ७.७. मरीन इंजिनिअर काका म्हणाले, डेक कमी ठेव आणि रकानाच मोठा कर, जळण चांगलं होतं. बरोबर आहे त्यांचं. पण हेडमधला काढलेला धातू परत येत नाही आणि शिम उद्या बदलता येते. मी शिम घातली.

पेट्रोलचा प्रश्न वेगळाच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, जाणारं मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. म्हणजे या गाडीत प्रत्येक वाट फिरून उष्णतेपाशीच येते. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा केला, डायफ्राम आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. जुन्या नळ्या हाताने दाबल्या तर भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटत होत्या. इंजिनाच्या खणात, गरम सायलेन्सरवर अशी नळी फुटली तर काय होतं, हे बीटलवाल्या कुणालाही विचारा. सगळ्यांना एक तरी जळलेली गाडी माहीत असते.

बांधणीबद्दल फार लिहीत नाही. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे, रिंगांची तोंडं एकमेकांसमोर नकोत, पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी ओढून लांब करायच्या, नाहीतर त्या तेल गाळतात. ओढल्या तरी गाळतात, ते सोडा. फ्लायव्हीलचा मधला छत्तीसचा नट मात्र सांगण्यासारखा आहे. तो ३० किलोग्रॅम-मीटरला आवळायचा असतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला तीस किलो लटकवावेत एवढा जोर. पान्याला पाइप लावला, फ्लायव्हील अँगलने अडवलं आणि भाच्याला टोकावर भार द्यायला लावला. सोसायटीचे सेक्रेटरी नेमके त्याच वेळी स्टिल्टखाली आले आणि इंजिनवर लोंबकळणारा मुलगा बघून काही न बोलता लिफ्टकडे वळले. फ्लायव्हील १२ व्होल्टवाल्या कोंबीचं, आत्याच्या गाडीतल्यापेक्षा मोठं. गिअरबॉक्सच्या घंटेत ते कडेला घासत होतं, तिथे आतून थोडा धातू ग्राइंडरने काढावा लागला. क्लच प्लेट १८० ची जाऊन २०० ची आली. वायरिंग, स्टार्टर, बल्ब हे सगळं सहावरून बारा व्होल्टवर न्यावं लागलं. साडेआठ मिलिमीटर इतक्या लांबवर पोचतात.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा वीस मिनिटं दोन हजारावर सोडायचं असतं, नव्या कॅमशाफ्टसाठी. रविवारी सकाळी अकराला केलं, त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून. आवाजाची तक्रार एकच आली, आणि तीही ज्यांना ती करायची सवय आहे त्यांच्याकडून. मग गरम तेल काढलं, चुंबक फिरवलं, इंजिन रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी व्हॉल्व्हचा गॅप ०.१५ मिलिमीटरला परत लावला. हे इंजिन थंड असतानाच मोजायचं. परवानगीचा कागद हातात आल्यावर गाडी रस्त्यावर.

फरक कुठे कळतो? वेगात नाही. केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोडच्या चढाला पूर्वी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागायचं, आता तिसरा सोडावा लागत नाही. चाळीसाचे सत्तेचाळीस घोडे हा आकडा किरकोळ वाटतो, पण खालच्या आरपीएमला जो ओढ मिळतो तो पायाला लगेच कळतो. तेलाच्या तापमानाचं मीटर मी मुद्दाम लावलं आहे. कोस्टल रोडवर सत्तरच्या वेगाने काटा नव्वदच्या खाली असतो आणि मलबार हिलखालच्या बोगद्यात इंजिनाचा तो फटफट-शिट्टीचा आवाज भिंतींवरून परत येतो. हाजी अलीला बाहेर पडून सिग्नलला अडकलं की तोच काटा शंभर ओलांडतो. एकशे वीसच्या पुढे काळजी करायची, तिथवर तो मुंबईत अजून गेलेला नाही. पत्रे सगळे जागेवर आहेत हे त्याचं पहिलं कारण. तीन नंबरचा प्लग काढून बघते अधूनमधून. बाकीच्या तिघांसारखाच तपकिरी निघतो.

परवा आत्याला गिरगाव चौपाटीला घेऊन गेले. परतताना म्हणाली, मी चालवते. लायसन्सची मुदत कधीच संपली आहे म्हणून रस्त्यावर नाही दिली, पण सोसायटीच्या आवारात एक फेरी मारू दिली. तिने क्लच दाबला, सोडला, पहिल्यावरून दुसऱ्यावर आली, गेटपाशी थांबून किल्ली बंद केली.

"इंजिन झकास बांधलंयस," ती म्हणाली. "पण क्लच जड केलास. सांज होईपर्यंत व्हिजिटा करायच्या असत्या ना मला, तर गुडघा गेला असता. जुनी प्लेट ठेवली आहेस का?"

ठेवली आहे. पण १८० ची प्लेट २०० च्या फ्लायव्हीलवर बसत नाही, हे तिला समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.